बसण्याचे स्टेशन

वाशीमच्या आमच्या महाविद्यालयात कवितेच्या तासाला मुलांपेक्षा चिमण्या अधिक असतात, हे प्राचार्यांनी बारकाईने हेरले होते. त्यामुळे मुलींचे बॉक्सिंग सुरू झाले आणि संध्याकाळच्या सरावाला एक महिला प्राध्यापक हजर हवी असे ठरले, तेव्हा माझी निवड बिनविरोध झाली. काम सोपे होते. शेडच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि स्त्री असायचे. दोन्हींचा मला अनुभव होता.

शेड म्हणजे धान्याचे जुने गोदाम. दिवसभर पत्र्याखाली कोंडलेले ऊन संध्याकाळी सावकाश खाली उतरे. भिंतींना सोयाबीनचा तेलकट, कच्चा वास होता. त्यात रबर, घाम आणि न वाळलेले ग्लोव्हज मिसळले, की तो वास जिभेवर चवीसारखा बसे. प्रवेशद्वारावर एक फ्लेक्स होता. त्यावर प्रशिक्षकांचे छायाचित्र कमरेपर्यंत आणि व्यायामाची माहिती त्यांच्या कोपराखाली उरलेल्या जागेत होती.

सर पुण्याला एक शिबिर करून आले होते आणि येताना ‘सर्किट’ हा शब्द घेऊन आले होते. नव्या नवरीने माहेरचा डबा मिरवावा, तसा ते तो मिरवत. कल्पना तशी सरळ होती. शेडभर ठिकठिकाणी एकेक व्यायाम मांडलेला: कुठे दोरीवरच्या उड्या, कुठे ट्रॅक्टरचा टायर उलटवणे, कुठे त्याच टायरवर घण घालणे, कुठे रेतीचे पोते खांद्यावर घेऊन बैठका, शेवटी लोंबत्या बॅगेवर ठोसे. प्रत्येक जागेला ‘स्टेशन’ म्हणायचे. शिट्टी झाली की पुढच्या स्टेशनवर पळायचे, सगळी स्टेशने झाली की एक फेरी पुरी. बॉक्सिंगच्या लढतीत तीन फेऱ्या असतात. तिसरीत हात शिशाचे होतात, पाय चिखलात रुततात, आणि ज्याचा श्वास शिल्लक असेल तो जिंकतो. सर्किट त्या तिसऱ्या फेरीसाठी होते. म्हणून लढतीत असते तशीच इथेही दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट विश्रांती होती.

या मिनिटात, त्याच शेडमध्ये आधीपासून सराव करणारे मुलगे पडत. पोती कलंडावीत तसे, मिळेल त्या जागी, हातपाय पसरून, तोंडाने धापांचा भाता चालवत. मुली पडत नसत. एक बाटल्या गोळा करून बाहेरच्या टाकीवर पळे, दुसरी फरशीवरचा घाम फडक्याने पुसे, कारण घसरून कुणी पडायला नको. तिसरी दोऱ्यांचे गुंते सोडवून पुढच्या फेरीसाठी नीट मांडून ठेवी. मग भरलेल्या बाटल्या पडलेल्या मुलग्यांच्या हाताशी जात, आणि शिट्टी होई.

“सांगाच नाई लागत, मॅडम,” सर मला कौतुकाने म्हणाले होते. “पोरी आपोआप करते. आमच्या शेडमदी शिस्तच तशी हाय.”

या शिस्तीत सर्वांत तरबेज होती माझी भाची. कामरगावच्या माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी पदवीसाठी आमच्या घरी राहत होती. तिचा डावा ठोसा असा निघे, की बॅगेतून धूळ उडाल्यानंतर आवाज ऐकू येई. विद्यापीठाच्या संघात तिच्या वजनगटात एकच जागा होती, निवड अमरावतीला व्हायची होती आणि तिचे वर्ष शेवटचे होते. तिच्या वडिलांनी फोनवर निकाल आधीच सुनावला होता. “यंदा टीममदी गेली तं गेली. नाई तं ते ग्लोव्हज माळ्यावर टाकजो अन् पावने येतीन तवा घरी राहाजो.” पाहुणे कसले, हे विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

निवडीआधी अकोल्याला एक स्पर्धा झाली. पहिल्या फेरीत ती सुरेख खेळली. दुसरी बरोबरीची झाली. घंटा वाजली, ती कोपऱ्यात आली, सरांनी दोऱ्यांतून तिपाई आत सरकवली आणि बाटली पुढे केली. सर दोन्ही फेऱ्या ओरडत होते, त्यांचा घसा बसला होता, कपाळावरून घाम निथळत होता. भाचीने त्यांच्याकडे पाहिले. मग तिने दोन्ही ग्लोव्हजच्या ओंजळीत ती बाटली धरली आणि, तीर्थ द्यावे तशी, सरांच्या पुढे केली.

सर प्यायले.

एवढेच नव्हे, तर पिऊन झाल्यावर त्यांनी फडक्याने तोंड पुसले, आणि ते फडके तिने घेतले आणि तिपाईवर सांडलेले पाणी टिपले. बसायचे राहून गेले. घंटा झाली. तिसऱ्या फेरीत तिचे हात कमरेशी आले आणि समोरची मुलगी त्याचीच वाट पाहत होती. माझ्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी टाळी वाजवून म्हटले, “पोरगी संस्कारी हाय पन.” त्यांचे बरोबर होते. हरली ती संस्कारांवरच.

परतीच्या गाडीत सरांनी निदान केले. “पोरीयच्या इंजिनातच दम नसते, मॅडम. आता सर्किट वाढवा लागते अन् आराम कमी करा लागते.”

“सर, त्या आराम घेतच नाहीत.”

“काहून? मिनिट देतो न मी.”

“त्या मिनिटात त्या पाणी भरतात.”

“ते काय काम हाय का, मॅडम?” सर मनापासून हसले. “त्याच्यात तं त्यायले बरं वाटते.”

मी म्हटले, की मी आयुष्यभर कवितेतले छंद शिकवले. ओळीत यती असते, तिथे थांबायचे असते. ती जागा रिकामी दिसते म्हणून तिच्यात शब्द कोंबले, तर ओळ लंगडते. सरांनी माझ्याकडे आजाऱ्याकडे पाहावे तसे पाहिले. “मॅडम, हे बॉक्सिंग हाय. कविता नाई.” तेही खरेच. कवितेत आपटले तर निदान वर उभे राहून कुणी आकडे मोजत नाही.

मग मला उशिरा सुचले, की मी चुकीच्या भाषेत बोलत होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटले, “सर, बाहेर आजकाल सर्किटमध्ये ‘पॅसिव्ह रिकव्हरी स्टेशन’ ठेवतात म्हणे. मुलींसाठी वेगळे.”

सरांच्या भुवया वर गेल्या. “पॅसिव्ह?”

“रिकव्हरी.”

“व्हय, व्हय. पुण्याले सांगतलं होतं आमाले,” ते म्हणाले, आणि आठवड्याच्या आत नवा फ्लेक्स लागला. छायाचित्रही नवे होते. जी गोष्ट ‘बसा’ या शब्दात कुणाच्या पचनी पडली नसती, ती इंग्रजी पोशाख घालून आली तेव्हा तिच्यासाठी दार उघडले गेले.

फेरी संपली की मुलींनी भिंतीकडच्या रेतीच्या पोत्यांवर बसायचे, हात मांड्यांवर ठेवायचे आणि शिट्टीपर्यंत काहीही करायचे नाही. देखरेख माझी. पहिल्या संध्याकाळी मी जे पाहिले, ते कोणत्याही नाटकात पाहिलेले नाही. टायर उलटवणाऱ्या मुलींना बसणे जमेना. एकीने पोत्याचे सुटलेले सुतळीचे टोक शिवायला घेतले. एकीने शेजारणीची वेणी सोडून पुन्हा घालायला सुरुवात केली. भाची दर दोन श्वासांनी अर्धी उठे आणि माझ्याकडे पाहून पुन्हा टेके, कडेवरचे मूल ठेवायला जागा शोधणाऱ्या बाईसारखी. आणि फरशीवर पडलेले मुलगे एकेक करून मान वर काढून पाहू लागले.

“ओ मॅडम,” त्यांतला एक दांडगा, हेवीवेट म्हणाला, “पानी?”

“टाकीत आहे.”

“टाकी कुठी हाय?”

दोन वर्षे तो त्या टाकीचे पाणी पीत होता. मुलींमध्ये हास्याची एक लाट आली. सर म्हणाले, “अरे, बाहेर निंबाखाली हाय न,” आणि स्वतःच दाराबाहेर डोकावून खात्री करून आले.

घरी येताना भाची म्हणाली, “मावशी, मले बसवतच नाई. आंगावर मुंग्या चढल्यावानी होते.”

“का गं?”

“कोनी पाह्यलं तं काय म्हनन?”

“काय म्हणेल?”

ती म्हणाली, “बसली हाय म्हनन.”

आमच्या भाषेत पुरुष बसला तर तो विसावतो, चर्चा करतो, सावलीला असतो. बाई बसली तर ती नुसती बसलेली असते, आणि सारे गाव ते पाहते.

म्हणून सराव घरीही सुरू केला. संध्याकाळी शेडमधून आल्यावर तिने ओसरीत खुर्चीवर बसायचे, पाय वेताच्या मुढ्यावर, अंगावर वारा घेत. नेमकी तेव्हाच एकदा माझी बहीण भाजीची पिशवी घेऊन बसने आली. दारातच थबकली, पिशवी टाकली आणि लेकीच्या कपाळाला हात लावला.

“ताप हाय का वं हिले?”

“नाई न माय, बरी हाय मी.”

“मंग अशी काहून बसली? पोट दुखून राह्यलं का?”

“सराव आहे,” मी म्हटले.

“हा सराव?” बहिणीने आधी मला पाहिले, मग आत स्वयंपाकघराकडे पाहिले. “ताई, कालेजात याचे मार्क भेटते का? माहंबी नाव टाकून दे.” आणि ती पदर खोचून थेट आत गेली. थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज येऊ लागला. खुर्चीवर भाचीचे दोन्ही पंजे आवळले गेले. ती उठली नाही. मी आजवर पाहिलेल्या तिच्या कुठल्याही ठोशापेक्षा त्या संध्याकाळचा तो संयम कठीण होता.

पुढे मुली हळूहळू शिकल्या. खांदे आधी खाली आले, मग जबडे सैल झाले, मग श्वास. फेरीनंतर नाकाने आत ओढलेली हवा पोटापर्यंत जाताना दिसू लागली. आधी शेडमध्ये घणाचे घाव शेवटी शेवटी पातळ होत. आता ते अखेरपर्यंत भरीव पडू लागले, पत्र्यांवर थरथर उठे. मुलग्यांनी पाण्याची पाळी लावली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्यावरून त्यांची दोन भांडणे झाली. सर सर्वांना सांगत, की ही सगळी पॅसिव्ह रिकव्हरीची कमाल आहे, आणि ती ते पुण्याहून घेऊन आले.

अमरावतीला निवडीच्या लढतीत समोर यवतमाळकडची एक उंच मुलगी होती, लांब हातांची, देखणी खेळणारी. पहिली फेरी तिची झाली. दुसरी, मला वाटते, आमची. म्हणजे सगळे तिसऱ्या फेरीवर येऊन ठेपले, आणि मध्ये ते एक मिनिट होते.

भाची कोपऱ्यात आली आणि बसली. पाठ टेकून, हात दोऱ्यांवर टाकून, डोळे समोर. सरांनी बाटली तिच्या ओठांशी नेली आणि उलटी केली. बाटलीतून काहीच आले नाही. सरांनी तिच्यात डोळा लावून पाहिले. बाटल्या भरलेल्याच असतात, हा त्यांचा निसर्गाविषयीचा समज होता.

“पानी कोनं नाई भरलं?” सर रिंगणभर पाहत म्हणाले.

जुनी भाची एवढ्यात दोऱ्यांखालून बाहेर निघाली असती. ती तिपाईवरून हलली नाही.

“सर,” ती शांतपणे म्हणाली, “तुमी जा न आनाले. मी बसते.”

आणि सर पळाले. पोट सांभाळत, शिट्टी छातीवर आपटत, संयोजकांच्या टेबलाकडे. पाणी घेऊन ते परतले तेव्हा मिनिट सरत आले होते. तिने एक चूळ भरली, एक घोट घेतला, आणि घंटा झाली.

तिसऱ्या फेरीत तिचे हात हनुवटीखाली आले नाहीत. समोरची मुलगी सुरुवातीला पुढे आली, मग जागेवर थांबली, मग मागे सरू लागली. भाची पोटावर मारत राहिली, एकसारखी, घाई न करता. पंचांचे एकमत झाले नाही, पण निळ्या कोपऱ्याचा हात वर झाला, आणि निळा कोपरा आमचा होता. जागा तिला मिळाली. तिने वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, “बरं. पावन्यायले थांबा म्हनतो.” खाली सर एका स्थानिक वार्ताहराला सर्किट समजावून सांगत होते.

कारंज्याच्या पुढे बस रिकामी झाली. खिडकीतून सोयाबीन कापलेल्या रानांतल्या ओल्या धसकटांचा वास येत होता. मी तिला विचारले, त्या मिनिटात मनात काय होते.

“काईच नाई, मावशी. समोरच्या पोरीले पाहून राह्यली होती.”

“का?”

“तिच्या सरचा बूट सुटला होता. ती खाली वाकली अन् ग्लोव्हजनं त्याची नाडी आत खोचून राह्यली होती.” ती खिडकीबाहेर पाहू लागली. “तवाच समजलं मले, हे आता थकन. वाईट वाटलं मले, मावशी. पन मंग मी तिच्या पोटावरच मारलं.”