ताईची उसण

'अल्पशा आजाराने निधन', असं दाजींनी पेपरात छापलं होतं.

धादांत खोटं.

माझी थोरली बहीण वर्षभर खाटेवर झिजली. आज तिचा स्मृतिदिन. इतकी वर्षं गप्प बसले, आज ही पोस्ट टाकतेच.

९८ साल असेल. ताई बोरी बुद्रुकला दिलेली, आम्ही शिनोलीचे. दाजी स्वतः मोटरसायकलवर मला न्यायला आले.

"ताईला उसण भरलीय. तू पायाळू. जरा पाय लाव, लगेच मोकळी व्हईल."

मी जन्मताना पाय आधी आलेली. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण पळते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. लग्नापेक्षा जास्त आमंत्रणं मला उसणीची असायची!

वाटेत नारायणगावला दाजींनी भेळ खाऊ घातली. किती चांगले दाजी, असं वाटलं मला.

ताई ओट्यावर पालथी झोपली. सासू आणि शेजारणी बघायला उभ्या. थोरलीला पाय लावायचा म्हणून मी आधी तिच्या पाया पडले. मग पाठीवर पाय दिला.

ताईने पदर दातात धरला.

"गेली का गं?" सासूने विचारलं.

"गेली," ताई म्हणाली.

ताईच्या दिराचं लग्न थाटात झालं. त्यानंतर ताईचे पाय लुळे पडले, लघवीचं भान गेलं. पुण्याला नेलं, तर डॉक्टर माझ्यासमोर दाजींवर कडाडले.

"पहिल्या एक्स-रेलाच सांगितलं होतं ना, मणक्याचा टीबी आहे, गोळ्या चालू करा? आता पू साचून मज्जारज्जू दबलाय!"

तो एक्स-रे दाजी मला न्यायला यायच्या आधीचा होता.

टीबीचं नाव निघालं असतं तर दिराची सोयरीक मोडली असती. म्हणून गावाला सांगायला उसण. आणि उसण खरी वाटावी म्हणून मी.

भेळ चारून केसाने गळा कापला माझा.

ऑपरेशन झालं, पण पाय परत आले नाहीत. पडून पडून पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या, त्यातच ती गेली.

त्याआधी एकदा तिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"व्हतं."

"मग माझ्यापुढं पाठ का दिलीस?"

"त्याबिगर तुला कोण बोलावणार व्हतं? लई आठवण यायची गं तुझी."

दाजींना माफी नाही.

तुझ्यावरही राग आहे, ताई. नुसता निरोप धाडायचास. पायी आले असते.

आज पुन्हा तुझ्या पाया पडते. आज फक्त पायाच पडते.