देव्हाऱ्यामागची भिंत

पहिल्या भेटीत भोईर सरांनी माझ्या हातात बादली दिली. मी सिव्हिलची पदवी फाइलमध्ये घालून, इस्त्रीचा ड्रेस चढवून त्यांच्या विरारच्या ऑफिसात गेले होते. घर विकत घेण्याआधी लोक ते सरांकडून तपासून घेतात, एवढंच मला ठाऊक होतं. फाइल त्यांनी उघडलीसुद्धा नाही. "चला, वाटेत बोलू," म्हणाले. त्या दिवशी एका फ्लॅटच्या बाथरूममध्ये मी बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं आणि मग खालच्यांच्या घरी जाऊन छताकडे बघत बसले. आईबापांनी याचसाठी शिकवलं का, असं मनात आलं. तासाभराने छतावर ओल उमटली. "पानी कधी खोटं बोलत नाय," सर शांतपणे म्हणाले आणि वहीत नोंद केली.

वामन भोईर सर नायगावच्या खाडीकाठचे, भातशेती करणाऱ्या घरातले. बांधाला खेकड्याने पाडलेलं भोक शोधायचं काम त्यांच्याकडे लहानपणापासून असे. पुढे बांधकामांवर सुपरवायझर म्हणून त्यांनी उमेदीची वर्षं काढली. इमारतीत काय काय झाकलं जातं हे त्यांनी तिथेच पाहिलं, आणि मग ते उघडं करून दाखवण्याचं काम स्वीकारलं. मी पुस्तकं वाचून आलेली. सर नुसती भिंत ठोकून आत पोकळ आहे की भरीव ते सांगत, तेव्हा मी अवाक् होऊन बघत राही. आजही राहते.

सरांना बोलावलं की काय होतं, हे ज्यांनी अनुभवलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तीन तास मोडतात. घर घेणाऱ्यांनी सोबत यायचंच, असा त्यांचा दंडक आहे. स्वयंपाक जे करणार त्यांनी तर नक्की. सगळे नळ एकदम सोडले जातात, प्रत्येक खिडकी उघडून लावली जाते, फरशीवर गोटी सोडून उतार पाहिला जातो, विजेचा बोर्ड, गच्ची, टाकी, काही सुटत नाही. घर घ्या किंवा घेऊ नका, हे मात्र सर सांगत नाहीत. "लगीन तुमचं, आमी फक्त पत्रिका बघनार," असं म्हणून हसतात. अहवालाचं शेवटचं पान 'न पाहिलेले' या मथळ्याचं असतं. बंद माळा, अवजड कपाटामागची भिंत, जे जे पाहता आलं नाही ते तिथे लिहायचं. एवढा प्रामाणिक कागद मी दुसऱ्या कुठल्याही धंद्यात पाहिलेला नाही.

आता एक प्रसंग सांगते. हा अंक वाचणाऱ्या आपल्या मंडळींपैकी अनेकांना तो ऐकून माहीत आहे.

शाळेत शिकवणाऱ्या कदम मॅडम आणि त्यांचे यजमान वसईत एक जुना फ्लॅट घेणार होते. आतली खोली दोन मुलींना द्यायची, हेही ठरलं होतं. सर त्या दोघांना घेऊन गच्चीवर गेले आणि आतल्या खोल्या त्यांनी माझ्याकडे सोपवल्या. मुलींसाठी ठरलेल्या खोलीच्या एका कोपऱ्यात भिंतीतच कोनाडा करून देव्हारा बसवलेला. मालकीणबाईंची पूजा नुकतीच झाली होती, समई तेवत होती. मी कोकणातली मुलगी. देव हलवा असं कुणाच्या घरात कसं म्हणायचं? मी हात जोडले आणि लिहिलं, 'भिंत ठीक'. माझ्या शब्दावर सरांनी सही केली आणि अहवाल संध्याकाळी कदमांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर मी काढलेले फोटो चाळत होते. एकदम थांबले. "या खोलीत तीन कोपऱ्यांत कॉलम बाहेर आलेत. देव्हाऱ्याकडचा चौथा कुठं गेला?"

त्याच दुपारी कदम व्यवहार पक्का करणार होते. सरांनी तिथल्या तिथे फोन लावला. "मॅडम, भोईर बोलतो. अहवालात चूक आहे. आज सही करू नका." मग मला घेऊन ते थेट त्या घरी गेले.

मालक भडकले. "आमच्या देवांच्या मागे काय शोधताय?" सरांनी चपला बाहेर काढल्या, पाय धुतले, देवांना नमस्कार केला आणि मालकीणबाईंना म्हणाले, "ताई, देव तुमी हलवा. भिंत मी बघतो." त्या बाईंनी एकेक मूर्ती पदरात घेतली. मागे कोनाड्यासाठी कॉलमच फोडलेला होता. दोन सळ्या कापलेल्या, उरलेल्या गंजलेल्या, आणि वर चार मजल्यांचा भार. मालकांनी वाकून कोनाड्यात पाहिलं. "मीच मिस्त्रीला सांगितलं होतं, कोनाडा जरा खोल कर," एवढंच ते बोलले. त्यांचीही मुलं त्याच खोलीत वाढली होती.

संध्याकाळच्या आत सोसायटीने सातिवलीहून लोखंडी टेकू आणून लावले. पुढे तज्ज्ञ इंजिनिअर आले, कॉलम नीट झाला, आणि मगच कदमांनी ते घर घेतलं. मुली आज त्याच खोलीत अभ्यास करतात.

दुरुस्त अहवालात सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'देव्हाऱ्यामागची भिंत न पाहताच ठीक म्हटली. चूक माझी. वामन भोईर.' मी म्हटलं, "सर, माझं नाव लिहा." तर म्हणाले, "पाटीवर नाव माझं हाय." मला नोकरी लागून तीन महिने झाले होते. त्या एका ओळीने माझी नोकरी राहिली आणि माझ्या शब्दावर लोकांचा विश्वासही राहिला.

भोईर सर आयुष्यात एकदाच चुकले, अशी ही गोष्ट तेव्हापासून कौतुकाने सांगितली जाते. सर ऐकून मान डोलावतात. मी बाजूला उभी राहते आणि मला फार लाज वाटते. सरांच्या पंचाहत्तरीच्या या अंकात सगळे त्यांचे गुण लिहितील. मला एवढंच लिहायचं आहे: ती भिंत मी पाहिली नव्हती. चूक माझी होती.

सर, हे छापून आलं की तुम्ही माझ्यावर रागवाल, हे मला ठाऊक आहे. खुशाल रागवा. गुडघे धड राहोत, नजर अशीच राहो, आणि माझ्यावर रागवायला तुम्हाला अजून पुष्कळ वर्षं मिळोत.