रुखवतातला घोडेस्वार

तेव्हा खोलीत तिघंच होतो. मी, आमचे हे आन लगीन ठरलेली आमची सुमी.

आज गल्लीत कुणी प्लास्टिक जाळलं, त्या वासानं तो दिवस आठवला. ह्यांचा कारखाना बंद पडलेला, तोंडावरचं हसू गेलेलं. रुखवतात मांडायला काही नाही, विहीण काय म्हणेल ही धास्ती.

अफझलगंजच्या बाजारातून मी वीतभर प्लास्टिकचा गोरा साहेब घोडेस्वार आणला, त्याचा नवरदेव करायला. तापल्या सुरीनं त्याची साहेबी टोपी कापली, लुगड्याच्या काठाचा फेटा बांधला. तलवार मात्र वरच उगारलेली.

सुमी म्हणाली, "बाबा, हा येडा हौला सासूला कापायला आलाय का?"

हे खो खो हसले, कित्येक महिन्यांनी. मग त्यांनीच दिव्यावर तापवून त्याचा हात वळवला, तलवारीच्या जागी मेणाचा नारळ दिला.

लग्नात विहीण त्याच्यापाशीच थांबली. "अगबाई, हा तर आमचाच नवरदेव!"

सुमीकडं तो अजून आहे. नातवंडांनो, धूळ पुसा, पण फेटा सोडू नका. त्याखाली माझ्या सुरीचा चटका आहे.