नवी पेठेत शिकलेली सायकल

माझ्या मुलीनं फ्रान्समधून फोनवर विचारलं, "आई, तुला सायकल येते ना?" आणि मी म्हणाले, "येते की." सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात मी सायकलवर एकदाही बसले नव्हते. कॅरियरवरसुद्धा नाही.

खोटं बोलायची मला सवय नाही. शाळेच्या ऑफिसात पस्तीस वर्षं काढली, तिथं दुसऱ्यांचं खोटं पकडणं हेच माझं अर्धं काम होतं. एकाच आजोबांचं तिसऱ्यांदा निधन झालं की मी रजेचा अर्ज परत करायचे. पण त्या दिवशी 'नाही' म्हणायची सोय नव्हती. अडीच वर्षांपूर्वी मुलीनं तिकडच्याच एका मुलाशी लग्न केलं आणि आम्हाला आठ दिवसांनी कळवलं. जे बोलू नये ते सगळं मी तेव्हा बोलून घेतलं. त्यानंतर आमचं बोलणं ह्यांच्यामार्फत चालायचं. फोन ह्यांच्या कानाला, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "विचारा, जेवली का." तिकडून यायचं, "सांगा तिला, जेवले." अडीच वर्षांत आम्ही दोघींनी जेवणापलीकडे विषय फारसा नेला नव्हता.

आता तिनं आपण होऊन मला फोनवर बोलावून घेतलं होतं. एका जुन्या कॅनॉलच्या काठानं सायकलचा रस्ता, पाच दिवस, फक्त आम्ही दोघी. "एकसुद्धा गाडी नसते त्या रस्त्यावर, आई. कुत्रंही आडवं येत नाही." मी नाही म्हटलं असतं तर ही पोरगी मला पुन्हा विचारणार नव्हती, एवढं मला कळत होतं. लहानपणी तिला सायकल तिच्या बाबांनी शिकवली होती आणि मी फाटकात उभी राहून घाबरत होते, हे तिला आठवत नसावं. परदेशात गेल्यावर तिला घरचं काही आठवत नाही अशी माझी तक्रार होतीच. ते विसरणं पहिल्यांदाच माझ्या उपयोगी पडलं.

ह्यांना म्हटलं, तुम्हीही चला. हे म्हणाले, "मी आलो तर तुम्ही दोघी माझ्याशीच बोलाल की. एकमेकींशी कशाला बोलाल?" तीस वर्षांच्या संसारात हे इतकं शहाणपणाचं एकदाच बोलले, म्हणून लक्षात राहिलं.

हातात तीन महिने होते. आमच्या कोपऱ्यावर सायकल दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांच्याकडून एक जुनी लेडीज सायकल घेतली आणि रिकामा रस्ता शोधायला निघालो. सोलापुरात रिकामा रस्ता शोधणं म्हणजे लग्नघरात झोपायला खोली शोधणं. आधी गावाबाहेर आपल्या कॅनॉलच्या रस्त्यावर गेलो, कारण कॅनॉल तर कॅनॉल. तिथं मी सीटवर बसते न बसते तोच शेळ्या राखणारा एक बाबा धावत आला. "काय मोडलं हो? गाडी कुटं हाय तुमची?" सायकल शिकतेय म्हटल्यावर तो ह्यांच्याकडे वळला. "या वयात बाईमाणसाला का तरास देता?" मग त्यानं शेळ्या बाजूला उभ्या केल्या आणि तो आणि त्या, सगळे मिळून बघत बसले. मला काही जमलं नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी चिंचोळी एमआयडीसीत गेलो. रस्ता रुंद, कारखाने बंद. मी तिथं निवांत पडले. लगेच एका गेटवरचा वॉचमन खुर्ची घेऊन आला, मला बसवलं, पाणी दिलं आणि ह्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी काय भांडण झालंय का?" पुढं तासभर हे आणि तो वॉचमन त्याच्या मेहुण्याच्या नोकरीवर बोलत होते आणि मी खुर्चीत.

शेवटी चाचांनीच मार्ग काढला. म्हणाले, "बाई, तुमी नवी पेठेत शिका की."

नवी पेठ म्हणजे आमच्या सोलापुरातली सगळ्यात गजबजलेली बाजारपेठ. मला वाटलं चेष्टा करताहेत. पण माणूस गंभीर होता. "रिकाम्या रस्त्यावर माणूस पडतंय. नवी पेठेत कसं पडणार? पडायला जागा लागती."

हे शास्त्र शंभर टक्के खरं निघालं. रोज संध्याकाळी गर्दी भरात आली की मी एका कापडदुकानापासून सायकलवर बसायचे. डाव्या बाजूला रिक्षा, उजव्या बाजूला साड्यांच्या पिशव्या घेतलेल्या बायका, पुढं हातगाडी. कलायचं म्हटलं तरी कलता येत नव्हतं. तोल गेला तर हात कुणाच्या तरी खांद्यावर पडायचा आणि तो खांदा म्हणायचा, "जावा मावशी, जावा." आठवडाभरात सगळ्या पेठेला माझं वेळापत्रक पाठ झालं. सराफाच्या दुकानातला माणूस पायरीवरून ओरडायचा, "समोर बघा, चाकाकडं न्हाई." रिक्षावाले हॉर्न मारून मला ताल द्यायचे. एकानं तर टपाचा दांडाच धरायला दिला आणि मला सराफाच्या दुकानापर्यंत नेऊन सोडलं. दोन महिन्यांनी मी ते सगळं अंतर चार वेळा पाय टेकून पार केलं. ह्यांनी व्हिडिओ काढला, तो मुलीला पाठवला. "मस्त," एवढंच तिचं उत्तर आलं.

आणि मी गेले. मुलगी स्टेशनवर घ्यायला आली होती. आम्ही एकमेकींना मिठी मारली आणि लगेच सोडली. जेवलीस का, तिनं विचारलं. जेवले, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रस्त्यावर उभी राहिले. कॅनॉलचं पाणी हलत नव्हतं. दोन्ही बाजूंना उंच झाडं, मधून गुळगुळीत पट्टा, पार नजर पोचेल तिथपर्यंत. त्यावर माणूस नाही, हातगाडी नाही, टेकायला एक खांदा नाही. झाडंसुद्धा हात पोचणार नाहीत इतकी लांब. मी सायकलवर बसले, पॅडल मारलं आणि सरळ गवतात गेले. उठले, पुन्हा बसले, पुन्हा गवतात. तिसऱ्या वेळी कुंपणापलीकडे एक गाय चरायची थांबली. चौथ्या वेळी एक म्हातारं जोडपं सायकलवरून आलं, हसून काहीतरी बोललं आणि खुर्चीबिर्ची न आणता निघून गेलं. इतकी माणुसकी नसलेली जागा मी पाहिली नव्हती.

मी मुलीला म्हटलं, "तू अशी नुसती उभी राहू नकोस. बाजूनं चाल आणि ओरड."

"काय ओरडू?"

"हॉर्न मार. बाजूला व्हा म्हण. नवी पेठेत काय ओरडतात ते ओरड. मला शांततेत येत नाही."

तिनं आधी इकडंतिकडं पाहिलं. मग माझ्या उजव्या अंगाला आली, चालू लागली आणि बारीक आवाजात म्हणाली, "ओ मावशी, सरका की." मी म्हटलं, मोठ्यानं. "ओ मावशी, लवकर सरका की, गिऱ्हाईक खोळंबलंय!" मी चालले. पीं पीं करत ती पळायला लागली, मध्येच केळी विकली, कुणाला तरी शिवी घातली आणि मी बघता बघता दोन झाडं, चार झाडं, दहा झाडं पार केली. मला वाटलं, जिंकलं. मग आवाज बंद झाला आणि मी गवतात गेले.

वळून पाहिलं तर ती रस्त्यात फतकल मारून बसली होती. आधी हसत होती, मग रडत होती. मी सायकल टाकून तिच्याजवळ गेले.

"आई, तुला सायकल येत नाही हे मला माहीत होतं," ती म्हणाली.

"मग?"

"म्हणूनच सायकलचा विषय काढला. तू नाही म्हणशील याची खात्री होती. मग मला सगळ्यांना सांगता आलं असतं, मी बोलावलं, तीच आली नाही." तिनं नाक पुसलं. "तू 'येते की' म्हणालीस तेव्हा मला घामच फुटला. आणि मग तो व्हिडिओ. त्यात सगळी पेठ तुला धरून होती. आता नको येऊ कसं म्हणायचं?"

मला राग आला. असा की त्या कॅनॉलात सायकल ढकलून द्यावी. तीन महिने मी गुडघे फोडून घेतले होते आणि हिनं मला न येण्यासाठी बोलावलं होतं. तोंड उघडलंही. आणि तसंच मिटलं, कारण मागच्या दिवाळीला मी ह्यांच्याकरवी तिला निरोप दिला होता, "ये, पण एकटी ये." ती तशी येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं आणि ठाऊक होतं म्हणूनच बोलावलं होतं. नंतर सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरले, आम्ही बोलावलं, तीच आली नाही.

पोरगी माझीच होती, यात शंका नाही. मी तिच्याशेजारी रस्त्यातच बसले. तिथं तसं बसायला काहीच हरकत नव्हती, कुणी येणारच नव्हतं.

तिचा फोन वाजला. तिचा नवरा तिला दिवसातून एकदा फोन करतो. ती डोळे पुसून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. बहुतेक सगळं ठीक आहे म्हणाली असेल. मी हात पुढं केला. ती फोन देईना. "आई, नको," म्हणाली. मी घेतलाच.

अडीच वर्षांत त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. मी मराठीतच बोलले, दुसरं काय येतंय मला. म्हटलं, "ह्या दिवाळीला दोघं या. दोघंच या. एकटीला पाठवलंस तर दार उघडणार नाही."

मग फोन मुलीकडे दिला आणि म्हटलं, सांग त्याला मी काय बोलले ते. तिनं फोन कानाला लावला आणि तिला काही सांगताच येईना. तो बिचारा पलीकडून तिचं नाव घेत राहिला.