तेलाचा वास लागलेले पट्टे

माझ्या मुलीच्या उजव्या खुब्यात वाटी नव्हती. म्हणजे होती, पण बशीसारखी उथळ, आणि मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात बसायचं सोडून बाहेर, वर सरकला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा ती अडीच महिन्यांची होती आणि त्यांच्याकडे बघून हसत होती.

"घरात आणखी कुणाला?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. नवऱ्यानेही मान हलवली. सासूबाई लंगडायच्या, पण ती गोष्ट वेगळी. त्यांची आई बाळंतपणात गेली, तान्ह्या लेकराला मालिश करायला कोणी उरलं नाही, म्हणून पाय तसा राहिला. हे आमच्या कारधा गावात सगळ्यांना माहीत होतं. ज्याला नव्हतं त्याला त्या स्वतः सांगायच्या, "ते बाई मरून मोकळी झाली, भोगून मी राहिली." आईला त्या आई म्हणतच नसत. ते बाई.

मी भंडाऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. कूर्चा म्हणजे काय? कानाची पाळी वाकवा, नाकाचा शेंडा दाबा, झाला धडा. डॉक्टर म्हणाले, तान्ह्या बाळाचा खुबा बराचसा कूर्चाच असतो, म्हणून तर एक्स-रेत गोळा दिसत नाही. कूर्चेच्या पेशींना वाटी कुठे घडवायची ते आपलं आपण कळत नाही. गोळा जिथे टेकेल, जिथे दाबेल, तिथे त्या वाटी घडवतात. आपण फक्त गोळा जागेवर धरून ठेवायचा. त्यासाठी पट्टे. दोन्ही पाय गुडघ्यात मुडपून बेडकीसारखे फाकवलेले, दिवसरात्र. काढायचे नाहीत, आंघोळसुद्धा ओल्या फडक्याने.

विहारातून परतणाऱ्या बाया आमच्या दारात थांबू लागल्या. "अवो माय, पोट्टीले बांधून काहून ठेवलं?" सासूबाई आत निघून जायच्या. मला एकच काळजी होती. पोर सरळ चालेल की नाही. नवऱ्याला त्या वर्षी मी जेवण वाढलं असेल, पण आठवत नाही.

रजा संपली. पोर सासूबाईंवर सोपवून मी नदीवरचा पूल ओलांडून शाळेत जाऊ लागले. एका संध्याकाळी तिला उचलून घेतलं तर पट्ट्यांना लसणाच्या तेलाचा वास.

"आई, पट्टे सोडले होते?"

"होव. रोजच सोडतो." चोरी पकडल्याचा भाव तोंडावर औषधालाही नव्हता. "मालिश करतो, पाय ओढून सरळ करतो, दुपट्यात घट्ट बांधून निजवतो. तू यायच्या आंधी लावून देतो पट्टे."

"डॉक्टर नाही म्हणाले होते ना!"

"डाक्टरचं काय जाते? माह्यावानी होऊ देऊ काय तिले?"

माझा राग शाळेत सुप्रसिद्ध आहे. घरी तो मी तोवर जपून वापरत असे, त्या दिवशी सगळा वापरला. तुमचा पाय गेला म्हणून माझ्या लेकीचाही घालवता का, इथवर बोलले. पुढे कितीतरी दिवस आम्ही दोघी नवऱ्यामार्फत बोलत होतो. "तुमच्या आईला सांगा, वरण झालं." "तुह्या बायकोले सांग, भूक नाई." मधे बसून तो मुकाट्याने दोघींच्या वाटचं जेवायचा.

पुढच्या तपासणीत गोळा जागेवर आलेला नव्हता. पट्टे कधीकधी नीट लावूनही उपयोग होत नाही, डॉक्टर म्हणाले, मालिशमुळेच बिघडलं असं छातीठोक सांगता येणार नाही. मी मात्र छातीठोक धरून चालले.

मग भूल देऊन गोळा आत बसवला आणि छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं, पाय तसेच फाकलेले. असं लेकरू पाळण्यात मावत नाही, मांडीवर बसत नाही, एसटीत दोघांची जागा घेतं. ते नीट बसलं एकाच ठिकाणी, सासूबाईंच्या कडेवर. धडधाकट बाजूच्या कडेवर तिला घेऊन त्या लंगडत अंगणभर फिरायच्या, तांदूळ निवडायच्या, कोंबड्या हाकलायच्या. सोडण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे मलाही घोर नव्हता.

"टाळूले तरी तेल लावू काय?" एक दिवस त्यांनी थेट मलाच विचारलं.

"लावा," मी म्हटलं. इतकीच आमची दिलजमाई.

प्लास्टर निघालं. पोर रांगली, उभी राहिली आणि एक दिवस कोंबडीच्या मागे अंगणात चालत सुटली. आम्ही दोघी तिचं तोंड पाहतच नव्हतो, नजर कमरेवर. कंबर कुठे लचकली नाही. सासूबाई रडल्या. मीही रडले. कोंबडी तेवढ्यात निसटली.

ती बालवाडीत जाऊ लागल्यावर पुन्हा तपासणी होती. सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. मुलीची वाटी खोल झाली होती, गोळा आत बसला होता. डॉक्टर मात्र दारातून आत येणाऱ्या सासूबाईंच्या चालीकडे पाहत राहिले. म्हणाले, यांचाही फोटो काढू.

दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. सासूबाईंचा गोळा खूप वर सरकलेला होता, आणि तिथे, भलत्याच ठिकाणी, कमरेच्या हाडावर एक वाटी झालेली होती.

"गोळा इथे टेकला, म्हणून शरीराने इथे वाटी केली," डॉक्टर म्हणाले. "नातीला होतं तेच हे, आजी. जन्मापासूनचं."

"मालिश नाई झाली म्हणून ना?"

"मालिशने हे बरं होत नाही."

"म्हंजे माय असती तरी?"

"तरी असंच. पाय ओढून दुपट्यात बांधले असते तर उलट बिघडलंच असतं."

परतताना एसटीत दोन्ही फोटोंचं पाकीट सासूबाईंनी मांडीवर धरलं होतं. भंडारा गेलं, पूल आला. खिडकीतली नात नदी पाहायचं सोडून त्यांच्याकडे पाहू लागली.

"आजी, कायले रडून राहिली?"

"माही माय आठवली."

"कशी होती?"

"मालूम नाई, बाई." त्यांनी पदराने नाक पुसलं. "पाहलंच नाई मी तिले. नुसते बोल लावले."