गवताच्या माणसाचं भाडं

नेपाळच्या डोंगरातल्या आमच्या सिमीकोटच्या विमानतळावर जौकला रोकायाला कोण ओळखत नाही? दोन किलोंसाठी भांडण काढणारी बाई म्हणून तिचं नाव झालेलं. लेक मनसरा खाली नेपाळगंजला नांदते. तिच्याकडे जाताना ही कमरेच्या पटुक्यात राजमा आणि अक्रोड असे कोंबायची, की या वयात हिला दिवस गेले की काय असं बघणाऱ्याला वाटावं. तिच्यासारख्यांमुळेच पुढे सामानाबरोबर माणसंही काट्यावर उभी करायला लागले, असं काउंटरवरचा धनराज शाही शपथेवर सांगायचा.

"गोरे डॉलर देतात म्हणून त्यांच्या तीन-तीन बॅगा चालतात," जौकला ऐकवायची, "आणि आमच्या मूठभर राजम्यानं तुझं विमान पडतं होय रे?"

बरोबरच होतं तिचं. पण विमान एवढंसं, आणि आमचे डोंगर कुणाशी हुज्जत घालत नाहीत.

मग आखातात मजुरीला असलेला तिचा नवरा पदमलाल तिकडेच वारला. कामावरच गेला. कंपनीच्या माणसाचा फोन आला की प्रेताचं भाडंही किलोवर लागतं. निम्मं तुम्ही भरा, नाहीतर इथंच पुरतो. जन्मभर भाड्यावरून भांडलेल्या बाईनं त्या दिवशी घासाघीस केली नाही. "पुरा," एवढंच म्हणाली. घरात तेवढे पैसे नव्हते हे खरं. पण तो शब्द तिच्याच तोंडून गेला, हेही खरं, आणि तो तिला गिळवेना.

देह हाती आला नाही तर आमच्याकडे कुशाच्या गवताचा माणूस करतात. त्याला मेलेल्याचं नाव देतात आणि सूर्य मावळायच्या आत नदीवर जाळतात. नाव दिल्यावर त्याला एक रात्रही घरात ठेवायचं नसतं. दीर कर्णवीरनं माणूस वळला, भावाचं नाव दिलं, आणि जौकलानं तो पोटाशी धरून दार लावून घेतलं. दिरानं दाराबाहेर हात जोडले, गावकऱ्यांनी समजावलं, पण ती हटली नाही.

"एकदा सोडलाय," ती आतून म्हणाली. "पुन्हा नाही सोडणार."

त्या रात्रीपासून तिच्या अंथरुणाची दुसरी बाजू खाली दबायला लागली. भीती वाटली ती आम्हाला. तिला उलट शांत झोप लागायची.

मनसराचे दिवस भरत आले आणि निरोप आला की मूल आडवं आहे, पोट फाडावं लागेल, पैसे घेऊन लगेच ये. जौकलानं म्हैस विकली, पैसे पटुक्यात बांधले, गवताचा माणूस पाठीवरच्या करंडीत घातला आणि विमानतळ गाठला. कर्णवीर सोबत आला होता. ती आधी स्वतः काट्यावर चढली. सेहेचाळीस. मग करंडी ठेवली.

"काकी, काय भरलंय यात?" धनराजनं विचारलं.

"गवत."

"साठ किलो गवत?"

त्यानं करंडी उचलली. दोन बोटांवर आली. पुन्हा ठेवली, काटा पुन्हा साठावर. त्यानं तांदळाचं पोतं ठेवून पाहिलं. ते बरोबर भरलं. मग करंडी ठेवली आणि काटा सावकाश, एखादा थकलेला माणूस बसावा तसा, साठावर जाऊन थांबला. रांगेतली माणसं मागं सरकली. कुणी हसलं नाही.

"वहिनी," कर्णवीर पुढं होऊन म्हणाला, "आता तरी द्या त्याला माझ्याकडे."

"भाडं सांग," जौकला धनराजला म्हणाली.

"काकी..."

"सांग म्हणते ना!"

त्यानं खाली मान घालून आकडा सांगितला. तिनं पटुक्याची गाठ सोडली, नोटा हातात घेतल्या आणि तशीच उभी राहिली. भाडं भरलं असतं तर डॉक्टरच्या हातावर ठेवायला काही उरलं नसतं. बाहेर वारा उठायला लागला होता, आणि वारा उठला की इथून विमान सुटत नाही. वैमानिक ओरडून बोलावत होता.

ती करंडीपाशी बसली. गवतावरून हात फिरवला.

"मनसराच्या बापा," ती हळूच म्हणाली, "हे पोरीचे पैसे आहेत." नोटा तिनं परत बांधल्या आणि दिराकडे न बघता म्हणाली, "ने त्याला."

कर्णवीरनं करंडी पाठीला लावली आणि तो कमरेत वाकला. धापा टाकत, थांबत थांबत, तो नदीच्या वाटेला लागला. जौकलानं वळून पाहिलं नाही.

"काकी, तेवढी परत एकदा उभी राहा," धनराज म्हणाला. "वजन नव्याने लिहायचंय."

ती चढली. काटा एकोणचाळीसवर थांबला. धनराजनं काटा ठोकून पाहिला. तोच पटुका, तेच पैसे, तीच बाई.

"मघाशी तर सेहेचाळीस..." तो पुटपुटला.

जौकलानं काट्याकडे पाहिलं.

"जास्त भरलं तेव्हा भाडं मागितलंस," ती म्हणाली. "आता कमी भरतेय, धनराज. त्याचं काय देतोस?"