त्रुफेनाचं छप्पर आणि लेवीचा कोट

कोगेरो गावात बाई विधवा झाली की तिच्या घराच्या छपराला कोणी हात लावत नाही. आधी नवऱ्याच्या भावकीतल्या एखाद्या पुरुषाने तिचा नवरा म्हणून त्या घरात राहायला यायचं, मग छप्पर शाकारायचं. क्रम उलटा झाला तर चिरा लागतो. चिरा म्हणजे रीत मोडणाऱ्या घराला लागणारं झुरणं. माणूस खातो, पितो आणि तरी वाळत जातो. डॉक्टर त्याला वेगळं नाव देतात, पण डॉक्टर काही कोगेरोत राहत नाहीत.

त्रुफेना अपोंदीचा नवरा, नाशोन, सरोवरावर मासे धरायला गेला आणि होडी उलटून बुडाला. त्याला पुरल्यावर छपराच्या शेंड्यावरची काठी उपटून काढली. या घरात आता पुरुष नाही हे लांबून कळावं म्हणून ती काढतात. काढणाऱ्याने जरा जोर केला आणि शेंड्याचं गवत उचकटलं. तिथून पाणी गळायला लागलं ते थेट पलंगावर. त्रुफेनाने पलंग सरकवला. पुढच्या वर्षी पाणीही सरकलं.

धाकटा दीर लेवी ओगादा याच्यावर भावकीने ही जबाबदारी टाकली होती. लेवीला तिसऱ्या बायकोची हौस नव्हती. दोघींनीच त्याला पुरतं सरळ केलं होतं. तरी तो रीतीप्रमाणे विचारायला आला.

"वहिनी, भावकी म्हणते की मी यावं."

"भावजी, माझं लग्न चर्चमध्ये लागलंय. नवरा गेला, पण मी दिलेला शब्द गेला नाही. तुम्ही यायचं नाही."

लेवीने हुश्श केलं. मग आपण हुश्श केलेलं तिला दिसलं असेल म्हणून जरा खाकरला.

पण सासू तिथेच स्टुलावर बसली होती. तिचं नाव नेरेआ. नेरेआने तरुणपणी बाप्तिस्मा घेतला होता. तिच्या मते बाप्तिस्मा आत्म्यासाठी असतो, छपरासाठी नाही.

"आणि गळतंय ते?" तिने विचारलं.

"देव बघेल."

"तो बघतोच आहे. भोकातून आत सरळ दिसतं."

गावाला हे वाक्य आवडलं. पाणवठ्यावर, बाजारात, गिरणीपाशी ते बरेच दिवस चाललं. त्रुफेनाचं माहेर उगेन्याचं, म्हणून तिला हाकही तशीच मारायचे.

"काय गं, उगेन्याच्या लेकी, तुझा येशू सुतार होता ना? मग येत का नाही छपरावर?"

"सुतार होता. शाकारणारा नव्हता," त्रुफेना म्हणायची आणि घागर डोक्यावर घ्यायची.

चर्चमधल्या पुरुषांना तिचा फार अभिमान होता. पाळक जब्लोनसाहेबांनी तर एका रविवारी तिच्यावर प्रवचन केलं. पण वर चढायला कोण, असा विषय निघाला तेव्हा एकाची कंबर धरली होती, दुसऱ्याची शिडी मेव्हण्याकडे गेली होती आणि तिसरा शिडी खालून धरून ठेवायला तयार होता. पाळकसाहेब स्वतः चढले असते, पण ते पोटाने भरदार होते. छप्परच खाली आलं असतं. शिवाय बाई माणसाने छपरावर चढायचं नाही, हीसुद्धा रीतच.

गवत कापणं मात्र बायकांचं काम. त्रुफेना दर उन्हाळ्यात गवत कापून भारे घरामागे रचून ठेवायची. दर पावसाळ्यात ते वाळवी खायची. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा कापायची. लोक म्हणायचे, उगेन्याची लेक वाळवी पाळते.

रविवारी उपासनेत साक्ष देण्याची वेळ असते. देवाने आपल्यासाठी काय केलं ते ज्याने त्याने उभं राहून सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाची गाय सापडलेली असते. त्रुफेनाही उभी राहायची.

"मंडळींना सलाम. मी छपरासाठी प्रार्थना केली होती. उत्तर आलेलं नाही. मी पुन्हा आले आहे. आमेन."

मंडळींना काय करावं ते कळायचं नाही. गायनमंडळाची बाई झटकन गाणं उचलायची. एकदा पाळकसाहेबांनी तिला अंगणात बाजूला घेतलं.

"बाई, साक्ष म्हणजे जरा, म्हणजे देवाने केलेलं सांगायचं असतं."

"मग खोटं सांगू, पाळकसाहेब?"

"खोटं नको. बसून राहिलात तरी चालेल."

"बसले तर त्याला वाटेल मी मागायचं सोडलं."

पाळकसाहेबांनी बायबल काखेत मारलं. त्यांनी घरी जाऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, आधी जेवून घ्या.

मग एका भर उन्हाच्या दुपारी लेवी कोट घालून आला. काळा, जाड, कोपरांवर ठिगळं असलेला. घामाने त्याची मान भिजली होती.

"वहिनी, हा कोट जरा तुमच्या खुंटीवर राहू द्या."

"का? तुमच्याकडे खुंट्या संपल्या?"

"खुंट्या आहेत. बायकाही आहेत. दोघी खिसे बघतात." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा, म्हाताऱ्यांशी बोलून आलोय. पूर्वीही असं झालेलं आहे. पुरुष नाही आला, त्याचा कोट एक रात्र घरात राहिला, की रीत झाली. तुम्ही मला शिवायचं नाही, मी तुम्हाला नाही. उद्या सकाळी मी कोट नेतो, दुपारी छपरावर चढतो. चार दिवसांत सगळं कोरडं."

त्रुफेनाने कोटाकडे पाहिलं. बरा कोट होता. नाशोनच्या लग्नात लेवीने हाच घातला होता, तेव्हा ठिगळं नव्हती.

"राहू दे इथे संध्याकाळपर्यंत. मी विचारते."

"कुणाला?"

"ज्याला विचारते त्यालाच."

लेवी गेला. तिने गुडघे टेकले आणि विचारलं. कोटात काय आहे, प्रभू? कापड आहे, बटणं आहेत. एवढ्यासाठी मी पाण्यात झोपायचं का? हो म्हण, नाही तर नाही म्हण, पण काहीतरी म्हण. बाहेर कोंबडी कलकलत होती. पलीकडे कुणीतरी लाकूड फोडत होतं. बाकी काही ऐकू आलं नाही. ती बराच वेळ तशीच राहिली, तेव्हा लाकूड फोडणाराही थांबला.

संध्याकाळ व्हायच्या आत ती कोट हातावर टाकून लेवीच्या घरी गेली.

"काय म्हणाला?" लेवीने विचारलं.

"काही नाही म्हणाला."

"मग झालं की! नाही म्हणाला नाही ना?"

"भावजी, उद्या सगळा गाव म्हणेल की त्रुफेनाने पुरुष घरात घेतला. तुम्हीही म्हणाल, सासूबाईही म्हणतील, आणि मी तोंड मिटून कोरड्यात झोपेन. ते खोटं छपराएवढं मोठं होईल. घ्या."

लेवीच्या थोरल्या बायकोने कोट घेतला आणि लगेच खिसे बघितले.

त्याच वर्षी त्रुफेनाचा एकुलता मुलगा घरी आला. ओविती साखर कारखान्यात कामाला होता. उंच, हसरा, आईसारखाच सरळ बोलणारा. आला तेव्हा शर्ट दुसऱ्याचा घातल्यासारखा ढगळ दिसत होता. तो खोकत होता, आणि खोकून झालं की कुणी पाहिलं का ते बघत होता.

गावाने पाहिलं होतं. कुणी काही बोललं नाही, कारण बोलण्याची गरजच उरली नव्हती. पाणवठ्यावरच्या थट्टा त्या दिवसापासून बंद झाल्या. त्रुफेनाला त्या थट्टा बऱ्या वाटायच्या, हे तिला तेव्हा कळलं.

तिने त्याला मिशनच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, क्षय आहे, पण उशीर झालाय. गोळ्या दिल्या. ओविती गोळ्या खायचा, मक्याच्या पिठाचं घट्ट कुऑन आणि सुकटीचा रस्सा खायचा, आणि वाळत जायचा. नेरेआ रोज अंगणातल्या त्याच्या वेगळ्या खोपटाच्या दारात येऊन बसायची. सुनेशी बोलणं तिने टाकलं होतं.

एके दिवशी लेवी पुन्हा आला. कोट अंगावर नव्हता, घडी करून काखेत होता. त्याने तो ओवितीच्या खाटेच्या पायथ्याशी ठेवला आणि कुणाकडे न बघता निघून गेला.

ओविती कोटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आई, टांग ना. एकच रात्र."

त्रुफेनाने त्याचं पांघरूण सारखं केलं.

"तुझ्या देवाला राग येईल ते मी बघतो. मीच आधी भेटणार आहे त्याला."

तो हसला आणि हसताना खोकला. तिने त्याची पाठ चोळली. खोकला थांबल्यावर ती खाटेवर बसली.

"ओविती, या कोटाने तू बरा होणार असतास तर मी असे दहा कोट टांगले असते. पाप केलं म्हणून नंतर देवाचे पाय धरले असते. पण कोटाने छातीतला रोग जात नाही, बाळा. मी कोट टांगला तर तू बरा होणार नाहीस. मीच तुला आजारी पाडलं, एवढं फक्त मी कबूल केलेलं असेल. ते मी करणार नाही. मी तुला आजारी पाडलेलं नाही."

ओवितीने नजर छपराकडे नेली.

"मग देव का नाही बरं करत?"

"माहीत नाही."

"विचारलंस?"

"रोज विचारते."

"आणि?"

"आणि काही नाही."

त्याला हे उत्तर बरं वाटलं असावं. निदान त्याने कोट पायाने खाटेखाली ढकलला आणि पाणी मागितलं.

पेरणीच्या तोंडावर ओविती गेला. त्याला बापाशेजारी पुरलं. पाळकसाहेब चांगलं बोलले. देवाची योजना वगैरे म्हणणार होते, पण त्रुफेनाकडे बघून त्यांनी ते पान उलटलं. मातीला आलेल्या बायका आपसात म्हणाल्या, आता तरी येईल वळणावर. दुसऱ्या म्हणाल्या, आता काय उपयोग.

पुढच्या रविवारी चर्च भरलं होतं. एरवी न येणारेही आले होते. साक्षीची वेळ झाली तशी सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि डोळे वर ठेवले. त्रुफेना उभी राहिली.

"मंडळींना सलाम. मी मुलगा मागितला होता. दिला नाही. का ते सांगितलं नाही. मला त्याचा राग आला आहे. मी पुढच्या रविवारीही येणार आहे. आमेन."

गायनमंडळाच्या बाईने तोंड उघडलं, पण गाणं आलं नाही. ती तशीच उभी राहून रडायला लागली. मग पाळकसाहेबच म्हणाले, "आमेन." मंडळीही म्हणाली, जरा मागेपुढे.

आठवडा उलटला आणि त्रुफेनाने चर्चमधल्या त्या तिसऱ्या माणसाकडून, म्हणजे ज्याला फक्त धरायची होती त्याच्याकडून, शिडी आणली. भर दुपारी, सगळे बघत असताना, ती भिंतीला लावली, कमरेला कापड घट्ट बांधलं आणि गवताचा भारा घेऊन वर चढली.

बघता बघता कुंपणापाशी माणसं जमली. लेवी धावत आला आणि शिडीपाशी थबकला.

"वहिनी, खाली या! बाईने चढायचं नसतं! चिरा लागेल!"

"कुणाला, भावजी?" तिने वरून विचारलं. "कोण उरलंय घरात?"

लेवीने इकडेतिकडे पाहिलं. मग त्याने शिडी धरली.

त्रुफेनाने आयुष्यात छप्पर शाकारलं नव्हतं. भोक शेंड्याशी होतं, म्हणून तिने शेंड्यापासूनच सुरुवात केली. पहिली पेंढी बांधली, दुसरी तिच्याखाली खुपसायला लागली. अंगणातल्या स्टुलावरून नेरेआ हे बघत होती. तिने तोंड फिरवलं. पुन्हा वळवलं. पुन्हा फिरवलं. शेवटी तिच्याने राहवेना.

"खालून! खालून सुरू करतात! वरून लावलंस तर पाणी सगळं आत जाईल. नाशोनचा बाप मूर्ख होता, पण त्यालाही एवढं कळत होतं!"

त्रुफेना थांबली. "सासूबाई, माझ्याशी बोलताय?"

"तुझ्याशी कोण बोलतंय? मी गवताशी बोलतेय. घट्ट आवळ ते. आणि लेवी, बघतोस काय मेल्या, भारा दे तिला!"

लेवीने वरच्या दिशेला भारा फेकला. स्वतः मात्र शिडीची एकही पायरी चढला नाही.

यानंतर गाव त्रुफेनाच्या मरणाची वाट बघू लागला. तिला बरीच वर्षं लागली. सासू गेली, लेवी गेला, पाळकसाहेबांची बदली झाली, आणि मग कधीतरी म्हातारपणी त्रुफेना झोपेतच गेली. कोगेरोतले जाणते अजून सांगतात की तो चिराच होता, सावकाश चालणारा.

पण ते पुढचं. छप्पर झालं त्याच आठवड्यात एका संध्याकाळी पाऊस आला. शेंड्यातून एक थेंब पडला नाही. पाणी आता दाराच्या बाजूने गळायला लागलं. तिथली पेंढी सैल राहिली होती. त्रुफेनाने मडकं उचलून दाराशी ठेवलं, पलंगाशेजारची जमीन हाताने चाचपून बघितली, आणि ती कोरडी आहे अशी खात्री झाल्यावर तिथे गुडघे टेकले. बोलायला तिच्याकडे बरंच होतं.